दम लागतो का?

परदेशी निघालेल्या माणसाला विम्याचा सल्ला द्यायला अख्खं बोईसर रिकामटेकडं बसलेलं असतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. मुलगी जर्मनीत, तिला सातवा लागलेला, आणि आम्ही दोघं नवराबायको तिच्या बाळंतपणाला निघालेलो. युरोपच्या व्हिसाला प्रवासाचा विमा सक्तीचा असतो, एवढी बातमी सोसायटीत पसरायचा अवकाश, की जिन्यात, भाजीच्या गाडीवर, पाण्याच्या टाकीपाशी जो तो मला थांबवू लागला.

तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "तो कागद फक्त व्हिसापुरता असतो हो. सगळ्यात स्वस्तातला घ्यायचा आणि बॅगेत तळाशी टाकायचा." हे गृहस्थ एकदा चार दिवस दुबईला जाऊन आलेत आणि त्या चार दिवसांवर गेली सहा वर्षं बोलताहेत. समोरच्या बिल्डिंगमधला एक जण म्हणाला, बँकेच्या कार्डावर विमा फुकटच येतो. माझ्या कार्डावर येतो का, असं विचारलं तर म्हणाला, "येत असेल की." तिसऱ्याचं मत असं, की विमा कंपन्या सगळ्या चोर, कुणालाच काही देत नाहीत, तेव्हा कुठलीही घेतली तरी सारखीच. सगळे उंटावरचे शहाणे. मी दात आवळून ऐकत होतो. खरं सांगायचं तर तळमजल्यावाल्याचा सल्ला मला मनातून पटला होता, आणि म्हणूनच त्याचा सगळ्यात जास्त राग येत होता.

कारण माझी छाती. तारापूरच्या एमआयडीसीत रंगांची पावडर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सोळा शिफ्ट इनचार्ज म्हणून. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी दम्याचा पंप असतो. बोईसर स्टेशनचा पूल चढताना मी दोनदा थांबतो आणि थांबलो की मोबाइल काढून बघत राहतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, कुणाचा तरी मेसेज आलाय. मेसेज कुणाचाही नसतो. असा माणूस जर्मनीच्या थंडीत गेला, तिथे त्याचा दम उखडला, दवाखान्यात टाकावं लागलं आणि विम्यावाल्यांनी हात वर केले, तर ते सगळं कुणाच्या बोडक्यावर बसणार? ओल्या बाळंतिणीच्या. हे मला कळत होतं. न कळायला मी काही तळमजल्यावर राहत नाही.

तरी मी पहिल्यांदा जे केलं ते तळमजल्यावाल्याच्याच अकलेने केलं.

विमा काढायला मी ज्याच्याकडे गेलो तो माझ्याच शिफ्टमधला जुना ऑपरेटर. रेल्वेलाइनच्या पूर्वेला डोंगराकडे जे पाडे आहेत, त्यातल्या एका पाड्यावरचा. पावसावर पिकेल तेवढंच पिकवणारं घर, त्या घरातला कायम नोकरी लागलेला हा पहिला माणूस. पावडर वाळवायच्या आमच्या ड्रायरवर त्याने नऊ वर्षं काम केलं आणि दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडली. का सोडली, ते मी तेव्हा विचारलं नव्हतं. आता नवापूर रोडला त्याचा एक गाळा आहे. रेल्वेची तिकिटं, पॅनकार्ड, झेरॉक्स आणि विमा. टेबलावर कॉम्प्युटर, आणि माऊसच्या शेजारी माझ्या खिशात आहे तसलाच पंप. तो मला दिसला. माझा त्याला दिसला असणार. दोघांनीही त्यावर चकार शब्द काढला नाही.

"या साहेब," तो म्हणाला. मी आता कुणाचाच साहेब नव्हतो. पण मी त्याला तसं म्हणालो नाही. बरं वाटत होतं.

त्याने पडद्यावर फॉर्म उघडला. पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, जायचा दिवस, यायचा दिवस, हे सगळं विचारून विचारून भरलं. मग तब्येतीचे प्रश्न आले. ते त्याने विचारलेच नाहीत. माऊस हातात होता, तो खाली खाली येत गेला आणि प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’वर टिचकी मारत गेला. हृदयविकार, नाही. मधुमेह, नाही. दम लागतो का, नाही. शेवटपर्यंत. मी बघत होतो. आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, याने किती झटक्यात काम केलं.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्या कारखान्यात वर्षातून एकदा कामगारांची तपासणी व्हायची. कँटीनच्या टेबलांवर छापील फॉर्म ठेवलेले असायचे. खोकला आहे का, दम लागतो का, छातीत घरघर होते का, अंगाला खाज येते का. समोर रकाने. ते भरायची आमच्याकडे एकच पद्धत. पहिल्या रकान्यात ‘नाही’ लिहायचं आणि त्याखाली तळापर्यंत ‘वरीलप्रमाणे’च्या दोन-दोन रेघा मारत यायचं. प्रश्न वाचायचा नाही. ज्याने ‘हो’ लिहिलं त्याला प्लँटवरून काढून मागच्या यार्डात ड्रम धुवायला लावत, त्याचा ओव्हरटाइम बंद होई, आणि पुढच्या वर्षी तो कंत्राटदाराच्या माणसांत दिसे किंवा कुठेच दिसत नसे. म्हणून तपासणीच्या दिवशी कुणीही खोकायचं नाही. सकाळपासून गालात ज्येष्ठमधाची काडी धरून माणसं रांगेत उभी राहत. मीही धरली आहे. फॉर्म दिला की चहा आणि वडापाव मिळायचा. ‘नाही लिहा, चहा घ्या’ ही आमच्या प्लँटमधली म्हणच होती. हाताला इतकी सवय झाली होती, की पुढे कुठल्याही कागदावर तब्येतीचा प्रश्न दिसला की पेन आपोआप ‘नाही’कडे वळायचं. इनचार्ज झाल्यावर माझ्या शिफ्टचे सगळे फॉर्म स्वच्छ जायला हवेत, ही जबाबदारी माझ्यावर आली. ती मी चोख पार पाडली.

तर मी त्याला म्हणालो, "छान. उद्या येऊन सही करतो." आणि घरी आलो.

संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं तिकडचं झालं आणि तिने विचारलं, "बाबा, फॉर्ममध्ये पंपाचं लिहिलंत ना?"

"कसला पंप?" मी म्हणालो.

"बाबा, मी लहान नाही आता."

मग तिने तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते आले, पंधराव्या दिवशी अर्धांगवायूचा झटका आला. विमा होता. पण त्यांच्या बॅगेत रक्तदाबाच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी सापडली आणि फॉर्मवर रक्तदाब ‘नाही’ होता. कंपनीने एक पैसाही दिला नाही. मैत्रीण आणि तिचा नवरा अजून दवाखान्याचं बिल फेडताहेत. मी म्हणालो, "मला अक्कल शिकवू नकोस. तुझ्या जन्माच्या आधीपासून मी फॉर्म भरतोय." आवाज चढला होता. ती तिकडून शांतपणे म्हणाली, "मग तुम्ही येऊ नका, बाबा. आई एकटी येईल. मला त्या दिवसांत ते टेन्शन नको."

फोन बंद झाल्यावर मी बायकोकडे बघितलं. ती चिंचणीची, मासेमारी करणाऱ्या घरातली. बोलते कमी आणि बोलली की मागे घेत नाही. "ती बरोबर बोलते," ती म्हणाली. "तुमी नुसतं ओरडता." पोटच्या पोरीने ये म्हणायच्या ऐवजी येऊ नका म्हणावं आणि बायकोने तिचीच री ओढावी. त्या रात्री मी ताट सरकवून झोपायला गेलो. पण सकाळी उठल्यावर सही करायला गेलो नाही, हेही खरं.

त्यापुढचे आठ दिवस मी चार कंपन्यांच्या पॉलिसीच्या अटी वाचण्यात घालवले. सगळं छापून घेतलं, गठ्ठा झाला. पहिल्या पानावर सगळीकडे तेच. बर्फाच्या डोंगरापुढे एक म्हातारा आणि एक म्हातारी दात काढून हसताहेत. या म्हाताऱ्यांना कधी काही होत नाही. त्यांच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की बॅग हरवली तर इतके, विमान चुकलं तर इतके, पासपोर्ट गेला तर इतके. मी जन्मभर रसायनांच्या ड्रमसोबत येणारी माहितीपत्रकं वाचलेला माणूस. माणूस मारणारी गोष्ट मागच्या पानावर बारीक अक्षरांत असते, हे मला नव्याने शिकायला नको होतं. मी मागून वाचायला सुरुवात केली.

स्वस्तातली, तळमजल्यावाल्याची, तिच्यात साफ लिहिलं होतं, की आधीपासूनच्या आजारातून उद्भवलेलं काहीही मिळणार नाही. तुम्ही सांगितलेलं असो वा नसो, तुम्हाला माहीत असो वा नसो. म्हणजे माझ्यासारख्याला तो कागद बॅगेच्या तळाशी टाकायच्याच लायकीचा. दुसरीत जुन्या आजाराचं मिळत होतं, पण जीव जायची वेळ आली तरच, आणि जीव परत आला की त्याच क्षणी बंद. तिसरी म्हणत होती, बिल आधी तुम्ही तिकडे भरा, मग इकडे येऊन मागा. भरायचं कशाने, डिंकाच्या लाडवांनी? चौथीत मात्र आधी कळवलेल्या जुन्या आजाराचा खर्च होता आणि दवाखान्याला पैसे कंपनी परस्पर देणार होती. फक्त वय साठीच्या वर आणि आजारापुढे ‘हो’ असेल तर तपासण्या होणार, डॉक्टरचा फोन येणार, आणि मग ते ठरवणार. आठ दिवसांत मला एवढंच कळलं, की विमा निवडायचा म्हणजे आपल्याला जे झालंय त्याचं नाव कुठल्या पानावर कसं लिहिलंय ते हुडकायचं. बाकी सगळी म्हाताऱ्यांची चित्रं.

खात्री करायला मी चौथ्या कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ संगीत ऐकवलं, मग एक गोड आवाज हिंदीत म्हणाला, "सर, आपको कोई बीमारी तो नहीं है ना?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. प्रश्नच असा विचारायचा, की समोरच्याच्या तोंडून ‘नाही’च निघावं. मी तिला दोन शब्द सुनावणार होतो, पण सुनावले नाहीत. मीसुद्धा कँटीनमध्ये टेबलाटेबलावरून फिरत असंच विचारायचो. काही नाही ना रे?

नवापूर रोडला परत गेलो. म्हणालो, "ती आधीची काढून टाक. ही चौथी हवी. आणि दम्यापुढे ‘हो’ लिही."

त्याने पडद्यावरून नजर काढली. "हो?"

"हो."

"नक्की साहेब?"

"एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

"कळतंय. तुमच्या तोंडून पयल्यांदाच ऐकतोय, म्हणून इचारलं." आणि त्याने माऊस सरकवला.

छातीची तपासणी पालघरला होती. जाताना कोळगावला जिल्ह्याच्या त्या भल्यामोठ्या नव्या कचेऱ्या लागतात, त्या बघत मी रिक्षात बसलो होतो आणि मनात उजळणी करत होतो, कसं फुंकायचं, किती फुंकायचं. तिथल्या बाईने तोंडात नळी दिली आणि म्हणाली, "फुंका काका. अजून. अजून. अजून अजून अजून!" मी नळी काढून म्हणालो, "अजून असतं तर इथे आलो असतो का, बाई?" तिने मला तीनदा फुंकायला लावलं. तिसऱ्यांदा डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ती म्हणाली, "हां, हे जरा बरं."

रविवारी दुपारी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बायको खाली बसून लाडू वळत होती. नीट ऐकू यावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. बाई चांगल्या होत्या, मराठीत बोलत होत्या. "दम लागतो का?"

"हो," मी म्हणालो. तोंडाला ते इतकं परकं वाटलं.

"किती वर्षांपासून? तुमचा रिपोर्ट माझ्यासमोर आहे, त्यामुळे अंदाजे नको."

बायकोला मी सांगितलेलं होतं, की हे निवृत्तीनंतरचं आहे. घरी बसून छाती गंजली, असं मी हसत हसत सांगितलं होतं, आणि तिने ते खरं मानून मला सकाळी चालायला पाठवायला सुरुवात केली होती. तीन वर्षं म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. पण तीन म्हणालो आणि रिपोर्ट काही वेगळं सांगत असला तर पुन्हा सगळं मुसळ केरात.

"एकोणीस," मी म्हणालो.

लाडू वळायचा हात थांबला. बाई पुढे विचारत होत्या, की एकोणीस वर्षं त्रास आहे तर तुम्ही अर्जाला जोडलेल्या कारखान्याच्या तपासण्यांत नोंद कशी नाही, त्या कागदांवर सगळीकडे तब्येत उत्तम कशी. याचा लेखी खुलासा पाठवा, नाहीतर आजार लपवला असं धरतील. मी हो हो म्हणत होतो. बायको उठली, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. अर्ध्या वळलेल्या लाडवांची परात तशीच राहिली.

संध्याकाळी म्हणाली, "एकोणीस वर्षं माझ्या बाजूला निजता, नि मला नाय सांगितलं."

"तुला सांगून काय झालं असतं?"

"मला कळलं असतं," ती म्हणाली.

ती बरोबर असली की मला राग येतो. त्याच रागात मी खुलासा लिहायला बसलो. डॉक्टरीणबाईंचा राग, मुलीचा राग, त्या कँटीनचा राग, सगळा कागदावर उतरला. चार ओळींत भागलं असतं, मी दोन पानं लिहिली. आमच्या कारखान्यात वार्षिक तपासणीत ‘हो’ लिहायची सोय नव्हती, असं लिहिलं. यार्डाचं लिहिलं. ज्येष्ठमधाचंसुद्धा लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, की मी स्वतः कधी ‘हो’ लिहिलं नाही, आणि शिफ्ट इनचार्ज या नात्याने माझ्या हाताखालच्या कुणालाही लिहू दिलं नाही. खाली लफ्फेदार सही ठोकली. मला फार मोकळं वाटलं. शाबासकीसुद्धा दिली मी स्वतःला.

दुसऱ्या दिवशी ते पत्र कंपनीला पाठवायला म्हणून त्याच्या गाळ्यावर नेऊन दिलं. त्याने ते उभ्यानेच वाचलं. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. "पाठवतो," एवढंच म्हणाला.

आठवड्याने पॉलिसी मोबाइलवर आली. दोघांची. माझ्या नावापुढे दम्याचा उल्लेख होता आणि तो खर्चात धरला होता. हप्ता वाढला होता, पण तो मी हसत भरला. मुलीला फोनवर ते पान वाचून दाखवलं. ती रडली, म्हणाली, "या बाबा, लवकर या." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणावर राग नव्हता. बायकोला घेऊन मी छापील कागद आणायला नवापूर रोडला गेलो, जाताना पेढे घेतले.

त्याने पेढा घेतला, कपाळाला लावून बाजूला ठेवला. कागद पंच करून प्लास्टिकच्या फाइलीत लावले. मग म्हणाला, "साहेब, एक इचारू? तुमच्या त्या पत्राची एक झेरॉक्स मी ठेवलीय."

"कशाला?"

"माझी केस चालू हाय आपल्या जुन्या कंपनीवर. छातीची. दोन वर्षं झाली. कंपनीनं माझे फॉर्म कोर्टात दाखवले. नऊ वर्षांचे. समद्यांवर नाय. माझ्याच अक्षरात."

मी पेढ्यांचा पुडा बंद करू लागलो.

"एका वर्षी मी हो लिवला होता. तुमी तो फाडलात. दुसरा दिलात, नि समोर उभं राहून भरून घेतलात. आठवतंय?"

आठवत होतं. मी त्या फॉर्मचे चार तुकडे केले होते, ते केराच्या डब्यात न टाकता स्वतःच्या खिशात घातले होते, आणि त्याला म्हणालो होतो, "घरी पोरं आहेत ना तुला?" तोच हा. पुढच्याच वर्षी त्याने नोकरी सोडली.

"तुमचं पत्र वकिलाला देऊ का?" त्याने विचारलं. "तुमाला कोर्टात नाय यावं लागणार. नुसतं पत्र."

माझी बायको स्टुलावर बसली होती. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "ते विम्यासाठी लिहिलंय. खाजगी आहे ते."

"पण खरं हाय ना?"

"खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही. एका कामासाठी दिलेला कागद दुसऱ्या कामाला वापरायचा नसतो. एवढं कळायला पाहिजे तुला, या धंद्यात बसून." हे मी चढ्या आवाजात म्हणालो. माझं पेन्शन कुणी थांबवणार नव्हतं, जुनी कंपनी माझं काही वाकडं करू शकत नव्हती. सोसायटीत निम्मे लोक त्याच कारखान्यातले. फॉर्म फाडणारा तो हा, असं त्यांनी जिन्यात एकमेकांना सांगितलं असतं, बस, एवढंच झालं असतं. मला त्याचीच लाज वाटली. जन्मभर मी लाज वाटली की ओरडत आलोय, तसाच ओरडलो.

मी हात पुढे केला. "दे ती झेरॉक्स."

त्याने ड्रॉवर उघडला आणि दोन पानं माझ्या हातावर ठेवली. हुज्जत घातली नाही.

"दुसरी प्रत?"

"नाय."

"कॉम्प्युटरवर असेल ना?"

त्याने पडदा माझ्याकडे वळवला, फाइल दाखवली, आणि माझ्या डोळ्यांदेखत काढून टाकली. मला त्याने सांगितलं नव्हतं, तरी मी उभा राहून ती गेल्याची खात्री करून घेतली.

मग त्याने मार्करने आमच्या फाइलीवर एक नंबर लिहिला. "कंपनीचा नंबर आत हाय, पण तो लागंल तवा लागंल. तिकडं कायबी झालं तर पयला मला फोन करा. कवाबी करा. दवाखान्याचं, क्लेमचं समदं मी इथून बघतो." यात कुठे टोमणा असावा म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. टोमणा नव्हता. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असणार तेच सांगत होता.

बाहेर आल्यावर मी रिक्षाला हात केला. बायको चढली नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणाली, "तुमी तिकडं आजारी पडू नका."

"अगं, आता काळजी नाही. पॉलिसीत सगळं..."

"पॉलिसीत असंल. पण पडलात, तर त्या माणसाला फोन करायला मला सांगू नका. मी नाय करणार. माझं तोंड नाय होणार." आणि ती स्टेशनच्या दिशेने चालू लागली. मी रिक्षावाल्याला परत पाठवलं आणि मागून चालत गेलो. ती थांबली नाही, त्यामुळे मला मोबाइल काढून उभं राहता येईना.

आम्ही जर्मनीत अडीच महिने राहिलो. नातू झाला, साडेतीन किलोचा. मुलगी सुखरूप होती. बाहेर बर्फ होतं आणि घरात ती भिंतीतल्या हीटरची उष्णता, तिने छाती कोरडी पडायची. एका सकाळी मात्र पंप दोनदा घेऊनही श्वास खाली उतरेना. मुलगी बाळाला घेऊन आत झोपली होती, जावई कामावर गेला होता. मी खुर्चीचे हात धरून वाकून बसलो. बायको स्वयंपाकघरातून आली आणि समोर उभी राहिली. पॉलिसीवर कंपनीचा नंबर होताच. पण कागद शेवटी नवापूर रोडवरच्या त्याच टेबलावर जाणार होते, आणि माझ्यासाठी हातातलं काम टाकून तोच धावपळ करणार होता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मोबाइल आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"हा घ्या," ती म्हणाली. "तुमीच करा."

मी केला नाही.